शिकारीसाठी पहिलं कंपाउंड धनुष्य, कमी पैशांत: आधी माप, मग मॉडेल

पहिलं कंपाउंड धनुष्य घेणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मॉडेल आवडतं, मग जाहिरातीतला वेग पाहिला जातो, मग पैशांची जुळवाजुळव होते. धनुष्य हातात आल्यावर कळतं की ड्रॉ लेंग्थ (दोरी किती लांब ओढली जाते ते माप) दोन इंचांनी जास्त आहे किंवा ७० पाउंड ओढताना खांदा थरथरतोय. साध्या धनुष्याची दोरी कुठेही थांबवता येते, कंपाउंडची ओढ मात्र कॅम (टोकावरचं फिरणारं चाक) ठरवतो आणि ठरलेल्या जागी ती भिंतीसारखी संपते. ती जागा तुमच्या शरीराला जुळली नाही, तर कितीही सराव केला तरी नेम बसत नाही. खालचे टप्पे क्रमानेच घ्या, कारण एका टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

आधी कायदा पाहा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. धनुष्याने शिकार करायला जिथे परवाना मिळतो, तिथल्यांसाठी ही माहिती आहे. अशा ठिकाणीही किमान पाउंड, पात्याची किमान रुंदी, हंगाम आणि परवान्याआधीचं प्रशिक्षण यांचे नियम वेगवेगळे असतात. धनुष्य निवडण्याआधी ते वाचून काढा, कारण टप्पा ३ मधला आकडा त्यावरच ठरतो.

## टप्पा १: कोणता डोळा, कोणता हात

दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांनी एक लहान त्रिकोणी फट तयार करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू पाहा. आता एकेक डोळा आळीपाळीने मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो तुमचा प्रबळ डोळा.

उजवा डोळा प्रबळ असेल तर उजवं धनुष्य घ्यायचं, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्या हाताने ओढायचं. रायझर (धनुष्याचा मधला, पकडीचा भाग) एकाच बाजूसाठी घडवलेला असतो, त्यामुळे उजव्याचं डावं करता येत नाही. हात उजवा आणि डोळा डावा असा घोळ असेल, तर अगदी नवख्याने डोळ्याचं ऐकलेलं बरं. उजव्या हाताची सवय पक्की झाली असेल तर उजवं घ्या आणि नेम धरताना डावा डोळा मिटा. पीप साईटमुळे (दोरीत बसवलेली, नेम धरताना आरपार पाहायची बारीक कडी) कंपाउंडवर तेही जमून जातं.

सावध: ओळखीत कुणाचं तरी डावं धनुष्य स्वस्तात मिळतंय म्हणून उजव्या माणसाने ते घेणं, ही पैसे वाया घालवायची सगळ्यात खात्रीची वाट आहे.

## टप्पा २: ड्रॉ लेंग्थ

भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि हात खांद्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना पसरा. मुद्दाम ताणू नका. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून इंचांत मोजून घ्या आणि त्याला २.५ ने भागा. ७० इंच आले तर ड्रॉ लेंग्थ साधारण २८ इंच. तीनदा मोजा. हात ताणून मोजलेला एखादा इंच भागाकारानंतर जवळजवळ अर्ध्या इंचाची चूक देतो, आणि कंपाउंडवर अर्धा इंच बराच जाणवतो.

हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. खरं माप धनुष्य ओढूनच कळतं. डी-लूप म्हणजे दोरीवरचा लहान फास, आणि रिलीज म्हणजे त्यात अडकवून दोरी ओढायचं-सोडायचं साधन. डी-लूपमुळे रिलीजचा हात दोरीच्या थोडा मागे जातो, म्हणून दोन मापांत अडकलात तर लहान माप घ्या.

ड्रॉ लेंग्थ जास्त झाल्याच्या खुणा:

- पूर्ण ओढीवर कंबरेपासून वरचं अंग मागे झुकतं.
- धनुष्य धरलेला हात कोपरात कडक होतो आणि सुटताना दोरी मनगटाच्या वर फटका देते.
- नाकाचं टोक दोरीला लागण्याऐवजी दोरी गालात रुतते आणि रिलीजचा हात कानामागे जातो.

कमी झाली असेल तर समोरचा कोपर प्रमाणाबाहेर वाकतो, मान पुढे काढून दोरीला भेटावं लागतं आणि मागचा कोपर बाणाच्या रेषेत येत नाही. दोन्ही वाईटच, पण नवखे बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूला चुकतात. लांब ओढीने वेग वाढतो हे ऐकलेलं असतं ना!

तपासणी: पूर्ण ओढीवर कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. बाण, मनगट आणि मागचा कोपर जवळपास एका रेषेत हवेत, डोकं सरळ हवं आणि वजन दोन्ही पायांवर सारखं हवं.

## टप्पा ३: किती पाउंड

इथे फुशारकी महागात पडते. शिकारीत बाण सोडायची वेळ येते ती थंडीत, जाड कपड्यांत, तासभर न हलता बसल्यावर. हाताला ऊब असताना रेंजवर ओढलं जाणारं वजन तेव्हा अर्ध्यात अडकतं.

कसोटी अशी घ्या:

1. पाठ सरळ ठेवून खुर्चीवर बसा. बाण लावलेलं धनुष्य थेट लक्ष्याकडे धरा.
2. धनुष्य आकाशाकडे न उचलता, एका सलग हालचालीत ओढा.
3. पूर्ण ओढीवर ३० सेकंद धरा, मग बाण न सोडता सावकाश परत आणा.
4. थोडं थांबून हेच आणखी दोनदा करा.

ओढताना धनुष्य वर गेलं, खांदा कानाकडे चढला किंवा परत आणताना झटका बसला, तर ५ पाउंड कमी करा आणि पुन्हा पहिल्यापासून घ्या.

लेट-ऑफची, म्हणजे ओढीच्या शेवटी वजन हलकं होण्याची, मदत कुठे मिळते ते नीट समजून घ्या. ६० पाउंडच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढीवर हातात साधारण १२ पाउंडच राहतात. पण तिथे पोहोचण्याआधी ६० पाउंडांचा चढ पार करावाच लागतो. त्यामुळे लेट-ऑफ जास्त आहे म्हणून जड धनुष्य चालेल, हा हिशेब फसवा आहे.

हरणाएवढ्या प्राण्यासाठी अनेक ठिकाणी किमान ३५ ते ४० पाउंड मागतात. व्यवहारात ४५ ते ६० पाउंडांत बहुतेक प्रौढ नवख्यांचं काम होतं. एल्कसारख्या मोठ्या प्राण्याला अधिक ऊर्जा लागते. ऊर्जा काढायची रीत सोपी आहे: बाणाचं वजन ग्रेनमध्ये (बाणाच्या वजनाचं बारीक एकक), गुणिले वेगाचा वर्ग, वेग फूट प्रति सेकंदात, भागिले ४,५०,२४०. ४०० ग्रेनचा बाण २५० च्या वेगाने गेला तर सुमारे ५५ फूट-पाउंड येतात. ३५० ग्रेनचा बाण २१० ने गेला तर ३४. हरणासाठी २५ ते ४१ आणि एल्क किंवा रानडुकरासाठी ४२ ते ६५ हा उत्पादकांच्या तक्त्यांतला नेहमीचा पट्टा आहे. म्हणजे हरणाएवढ्या प्राण्यासाठी ७० पाउंडांचा अट्टाहास नको.

लिम्ब म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन बाहू. ते रायझरला धरणारे लिम्ब बोल्ट सैल करून बहुतेक धनुष्यांचं वजन वरच्या आकड्यापासून साधारण १० पाउंड खाली येतं. एका पूर्ण फेऱ्याला सुमारे २ पाउंड धरा. ५० ओढणाऱ्याने ५० ते ६० चे लिम्ब घ्यावेत. महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने वर चढायला त्यात जागा राहते. वरचा आणि खालचा बोल्ट नेहमी सारखाच फिरवा, आणि पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे एक फेरासुद्धा सैल करू नका. बोल्ट सुटला तर ताणलेलं धनुष्य हातातच उलगडतं.

धोका: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कधीच नाही. जी ऊर्जा बाण घेऊन जातो ती लिम्ब, कॅम आणि दोरीत उलटते. लिम्ब फुटतो, दोरी तुटते, तुकडे चेहऱ्यावर येतात. दुकानात ‘जरा ओढून बघ’ म्हणत कुणी रिकामं धनुष्य पुढे केलं, तर आधी योग्य लांबीचा बाण मागा.

## टप्पा ४: पैसे आधी वाटून घ्या

हातातली सगळी रक्कम धनुष्यावर घातली की रिलीज, बाण आणि लक्ष्य उधारीवर येतात. एकूण रकमेच्या साधारण ५५ ते ६० टक्के धनुष्यासाठी धरा. उरलेल्यात हे सगळं बसवायचं आहे: रिलीज, किमान सहा एकसारखे बाण, फील्ड पॉइंट (सरावाचं टोक) आणि ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक), साईट (नेम धरायच्या पिनांची चौकट), रेस्ट (बाण टेकायचा आधार), पीप आणि डी-लूप, क्विव्हर (बाणांचा भाता), सरावाचं लक्ष्य, दोरीचं मेण, आणि बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागणाऱ्या कामाची मजुरी.

कमी पैशांत हात आखडायचाच असेल तर स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा), क्विव्हर आणि साईटवर आखडा. रिलीज आणि बाणांवर नको. तीन पिनांची साधी साईट शिकारीला पुरते. भलत्या स्पाइनचे (कडकपणाचे) बाण मात्र उत्तम धनुष्यालाही बिघडवतात.

## टप्पा ५: आता मॉडेलचे आकडे वाचा

वेग. पत्रकावरचा आयबीओ (इंटरनॅशनल बोहंटिंग ऑर्गनायझेशन) वेग ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो. तुमचा वेग काढायला ढोबळमानाने ड्रॉच्या प्रत्येक कमी इंचाला १०, प्रत्येक कमी पाउंडाला २ आणि बाणाच्या प्रत्येक जादा ३ ग्रेनला १ वजा करा. पत्रकावर ३२० आहे, तुम्ही २८ इंच, ६० पाउंड आणि ४०० ग्रेन वापरणार, तर २६० च्या आसपास मिळेल. शिकारीला तो भरपूर आहे. ३४० च्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजण्याआधी हा हिशेब कागदावर करा.

ब्रेस हाइट. दोरी आणि पकडीमधलं विश्रांतीचं अंतर. ६.५ ते ७.५ इंच नवख्याला सोयीचं. ६ च्या खाली वेग वाढतो, पण बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि हाताची प्रत्येक चूक सोबत घेऊन जातो.

एक्सल ते एक्सल लांबी. दोन्ही टोकांच्या कॅमच्या आसांमधलं अंतर, ३० ते ३३ इंच. याहून आखूड धनुष्य झाडावरच्या मचाणात सोयीचं, पण दोरीचा कोन टोकदार होतो आणि २९ इंचांच्या वर ड्रॉ असलेल्याला नाकाचा टेकू मिळत नाही.

वजन. रिकामं धनुष्य ३.५ ते ४.५ पाउंडांचं असतं. साईट, रेस्ट, क्विव्हर आणि बाण चढले की त्यात सहज दीड-दोन पाउंडांची भर पडते.

मापाची सोय. काही धनुष्यांत मॉड्यूल (कॅमवरचा, ड्रॉ ठरवणारा भाग) फिरवून किंवा स्क्रू सरकवून ड्रॉ लेंग्थ बदलते, प्रेस लागत नाही. काहींत प्रत्येक मापाला वेगळं मॉड्यूल किंवा वेगळा कॅम विकत घ्यावा लागतो. पहिल्या धनुष्याला पहिलाच प्रकार हवा. डायमंड इन्फिनिट एज प्रो ५ ते ७० पाउंड आणि १३ ते ३१ इंच, तर बेअर क्रूझर जी२ ५ ते ७० पाउंड आणि १२ ते ३० इंच इतकी मोकळीक देतं. वाढत्या वयाच्या मुलासाठी किंवा घरात दोघांनी वापरायला ही सोय मोठी आहे. त्यांच्यात एक मेख आहे: लहान ड्रॉवर ती पूर्ण ७० पाउंडांपर्यंत पोहोचत नाहीत. तुमच्या मापावर किती मिळतात ते तक्त्यात पाहा.

कॅम सिंगल, हायब्रिड की बायनरी, यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. ओढ सुरळीत आहे का आणि शेवटची भिंत घट्ट लागते का, एवढं हाताने पाहा.

## टप्पा ६: नवं पॅकेज की वापरलेलं

तयार पॅकेजमध्ये साईट, रेस्ट, क्विव्हर, पीप, लूप लावूनच येतं. जोडसामान साधं असतं, पण पहिल्या हंगामाला चालतं, पुढे एकेक बदलता येतं. त्यात रिलीज आणि बाण बहुधा नसतात, हे विसरू नका.

वापरलेल्यात त्याच पैशांत वरच्या दर्जाचं धनुष्य मिळतं, पण फसायची जागाही इथेच आहे. तपासणी या क्रमाने करा, आणि पहिल्या दोनांत दोष आढळला तर पुढे जाऊच नका.

1. लिम्ब. कापसाचा बोळा लिम्बच्या दोन्ही बाजूंवरून आणि कडांवरून हळू फिरवा. कापसाचा धागा अडकला तिथे चीर किंवा उचकटलेला तंतू आहे. लिम्ब बोल्टजवळ आणि एक्सलच्या फाट्याजवळ बॅटरीच्या उजेडात पाहा. चीर म्हणजे चीर, ‘वरवरची आहे’ हे ऐकून घेऊ नका.
2. कॅम आणि एक्सल. दोरीच्या खाचेच्या कडेवर नखाला लागणारा खड्डा किंवा वाकलेली कड ही रिकामं सोडल्याची खूण असते. कॅम हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा, ढिलाई नको. एक्सलच्या टोकांच्या क्लिपा जागेवर आहेत का तेही पाहा.
3. दोरी आणि केबल. केसाळ झालेली, एखादा पदर तुटलेली, कॅमजवळचं गुंडाळणं सरकून आतले धागे दिसणारी दोरी म्हणजे बदलायचीच दोरी. चांगली ठेवलेली दोरीही दोन-तीन वर्षांत बदलतात. दोरी, केबल आणि मजुरी यांचा खर्च किमतीतून वजा करून मगच भाव बोला.
4. बोल्ट. दोन्ही बोल्ट मोकळे फिरतात का? वर्षानुवर्षं एकाच जागी राहून गंजलेला बोल्ट फिरवताना तुटतो.
5. माप. तुमच्या ड्रॉ लेंग्थचं मॉड्यूल सोबत आहे का? नसेल तर त्या मॉडेलचं अजून मिळतं का? दहा वर्षांहून जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांची खात्री करूनच पुढे जा.
6. ओढ. योग्य बाण लावून, लक्ष्यासमोर, सावकाश ओढा आणि परत आणा. कडकड, टकटक ऐकू आली किंवा दोन कॅम वेगवेगळ्या वेळी थांबले, तर निदान टायमिंग (दोन्ही कॅमनी एकाच वेळी फिरून थांबणं) बिघडलेलं आहे.

लिम्बची हमी बहुतेक कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात. ‘अजून हमीत आहे’ या वाक्याची किंमत त्यानुसार धरा.

## टप्पा ७: बाण, रिलीज आणि बाकीचं

बाणाच्या स्पाइनचा आकडा जितका लहान तितका बाण कडक: ३४० हा ४०० पेक्षा कडक. ६० पाउंड, २८ इंचांचा बाण आणि १०० ग्रेनचं टोक असेल तर तक्ता बहुधा ४०० किंवा ३४० सांगतो, कॅम किती आक्रमक आहे त्यावर. उत्पादकाचा तक्ता पाहूनच ठरवा. दोन्हींच्या सीमेवर असाल तर कंपाउंडसाठी कडक बाजू घ्या.

वजन पाउंडामागे ५ ग्रेनच्या खाली कधीही नको, ते रिकाम्या सुटीच्या जवळ जातं. शिकारीला ६ ते ७ ग्रेन धरा: ६० पाउंडांना ३६० ते ४२०. पूर्ण ओढीवर बाणाचा दांडा रेस्टच्या पुढे किमान एक इंच उरायला हवा. सरळपणात .००१ च्या बाणांचे जादा पैसे नवख्याच्या नेमात दिसत नाहीत, .००६ चे पुरतात. सगळे एकाच वजनाचे आणि एकाच लांबीचे मात्र हवेत.

रेस्ट बाणाला चारही बाजूंनी धरणारा घ्या. ब्रशसारख्या केसांचा व्हिस्कर बिस्किट स्वस्त, टिकाऊ आणि बिघडायला त्यात काही नाही. रिलीज मनगटी पट्ट्याचा, तर्जनीने चालणारा. पट्टा घट्ट बसला पाहिजे आणि लांबी जुळवता आली पाहिजे.

ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्याच वजनाचे घ्या. ऊर्जा कमी असेल तर स्थिर पात्यांचे घ्या, कारण उघडणाऱ्या पात्यांना उघडण्यातच काही ऊर्जा खर्ची पडते.

प्रत्येक वेळी: कार्बनचा बाण लावण्याआधी तो हलका वाकवून, फिरवून कान लावा. करकर आली तर मोडून टाका. तडकलेला बाण सुटताना फुटून हातात घुसतो.

## टप्पा ८: बसवणं आणि नेम जुळवणं

1. ड्रॉ लेंग्थ आणि वजन पक्कं करा. हे बदललं की पुढचं सगळं बदलतं, म्हणून हे आधी.
2. रेस्ट. बाण रायझरच्या बर्गर छिद्राच्या (रेस्ट बसवायच्या भोकाच्या) मध्यावरून, दोरीशी काटकोनात जावा. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत बहुतेक धनुष्यांना १३/१६ इंच हा सुरुवातीचा आकडा चालतो.
3. पीप. डोळे मिटून ओढा, नेहमीच्या जागी हात टेकवा, मग डोळे उघडा. पीपमधून साईटचं पूर्ण वर्तुळ दिसायला हवं. मान हलवावी लागली तर पीप सरकवा. हे दुसऱ्याच्या डोळ्याने ठरत नाही.
4. कागद. ताणलेल्या कागदातून ६ ते ८ फुटांवरून बाण सोडा, मागे लक्ष्य हवंच. गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा हव्यात. शेपूट वर फाटत असेल तर रेस्ट किंचित वर घ्या, खाली फाटत असेल तर खाली. आडवं फाटत असेल तर रेस्टला हात लावण्याआधी पकड पाहा; नवख्यात बहुतेक वेळा मूठ आवळून रायझर पिळला जातो.
5. साईट. १० यार्डांपासून सुरुवात करा, मग २०, ३०, ४०. एका बाणावर नव्हे, तीन बाणांच्या झुबक्यावर ठरवा. बाण जिकडे, पिन तिकडे: झुबका डावीकडे लागला तर पिन डावीकडे.

साधारण शंभरेक बाणांनंतर नवी दोरी थोडी ताणते, पीप फिरतं आणि पिना हलल्यासारख्या वाटतात. धनुष्य बिघडलेलं नसतं. टायमिंग आणि पीप पुन्हा जुळवून घ्या. दोरीला मेण लावा, गुंडाळलेल्या भागांवर नको.

## टप्पा ९: ब्रॉडहेड आणि तुमचं अंतर

शिकारीला जाण्याआधी ब्रॉडहेड लावून सराव करा, पण वेगळ्या लक्ष्यावर, कारण पाती साधं लक्ष्य कापून काढतात. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागत असतील तर रेस्ट उजवीकडे सरकवा, एका वेळी १/३२ इंचच. दोन्ही झुबके जुळेपर्यंत पिनांना हात लावू नका. पाती घट्ट करायला त्यासाठीचा पाना वापरा, बोटं नाहीत, आणि क्विव्हरमध्ये पाती पूर्ण झाकलेली हवीत.

मग अंतर ठरवा. आठ इंच व्यासाचं वर्तुळ लावा. हरणाच्या छातीचा प्राणघातक भाग साधारण तेवढाच असतो. शिकारीचेच कपडे घाला, हात गरम न करता या आणि दिवसाचा पहिला बाण सोडा. फक्त तोच मोजा. २० यार्डांवर हे सलग दहा सकाळी जमलं तर २५ वर जा, मग ३० वर. ज्या अंतरावर पहिला बाण एकदा जरी वर्तुळाबाहेर गेला, त्याच्या आधीचं अंतर या हंगामासाठी तुमची हद्द. ४० ची पिन साईटवर असली, तरी तिला सध्या टेप लावून ठेवा.